कारणाचा रकाना

डॉक्टरने कागद माझ्यापुढे धरला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी सही करण्याआधी वाचते. ही माझी जुनी खोड आहे, आणि तिच्यापायी रांगेत माझ्यामागे उभे असलेले लोक मला मनातल्या मनात काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी वाचलं. वय सेहेचाळीस. व्यवसाय घड्याळदुरुस्ती. आजार, यकृताच्या शिरांमध्ये वाढलेला रक्तदाब. त्याखाली कारणाचा रकाना होता आणि त्यात एकच शब्द होता. मद्यपान.

"हे कोणी पाहिलं?" मी विचारलं.

"काय?"

"मला पिताना."

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तिशीतला मुलगा, कोरलेली दाढी, दिवसभर उभं राहून पाय दुखलेले. सहा दिवसांपूर्वी माझा जीव त्यानेच वाचवला होता, त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं. तरी मी रागावले. त्याला म्हटलं, जे पाहिलं नाही ते लिहायचं नसतं. तो म्हणाला, सगळं डोळ्यांनी दिसत नाही, काही गोष्टी एकेक शक्यता खोडत खोडत कळतात. मी म्हटलं, मग अजून खोडा.

सहा दिवसांपूर्वी काय झालं ते सांगते. दुकानात दुपारच्या वेळी माझ्यासमोर एक बारीकसं बायकी घड्याळ उघडं पडलं होतं, डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसासारखी स्प्रिंग होती. तोंडात एकदम गंजाची चव आली. मी आधी घड्याळावर काचेचं झाकण ठेवलं आणि मगच हाताजवळचा खण ओढून त्यात ओकले. खण रक्ताने भरला. शेजारच्या टेबलावर धाकटी होती, माझी बहीण. तिने गाडी बोलावली, आणि वाटेत मी तिला म्हणे तीनदा बजावलं, त्या स्प्रिंगला हात लावू नकोस. मला त्यातलं काही आठवत नाही.

दवाखान्यात या मुलाने घशातून दुर्बीण घातली आणि अन्ननलिकेतल्या फुटलेल्या शिरेला रबराच्या कड्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, "अडलंय कुठे?" रक्त जर भलत्या वाटेने फुटून आलं असेल तर सरळ वाट कुठेतरी अडलेली असणार, एवढं घड्याळवालीला कळतं. त्याला ते आवडलं. त्याने पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. आतड्यांचं आणि प्लीहेचं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं, तिथून हृदयाकडे. या रस्त्यात अडथळा आला की मागे दाब वाढतो. रक्त काही थांबून राहत नाही, ते आडवाट धरतं, अन्ननलिकेच्या बारीक शिरांमध्ये घुसतं. त्यांची तेवढी ताकद नसते. त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात.

अडथळा तीन ठिकाणी असू शकतो, तो म्हणाला. यकृताच्या आधी, यकृतात किंवा यकृताच्या पुढे. आधी म्हणजे त्या मोठ्या शिरेत गुठळी. पुढे म्हणजे यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा तुंबलेल्या, नाहीतर हृदयच दमलेलं. आणि मध्ये, यकृतात, तर कारणांची जंत्रीच असते. काविळीचे विषाणू, साठलेली चरबी, शरीराने स्वतःवरच उगारलेला हात, तांबं किंवा लोह साठणं, काही भागांत पाण्यातला एक किडा, आणि दारू.

मग सहा दिवस त्याने एकेक नाव खोडलं. शीर मोकळी होती. हृदय ठणठणीत होतं. विषाणू नाही, तांबं नाही, लोह नाही, चरबी नाही, किडा नाही. सातव्या दिवशी सकाळी तो तपासायला वाकला आणि माझ्या बोटांचा वास त्याला आला. सवयीप्रमाणे मी हात पुसले होते, स्पिरिटने. धाकटीने माझ्या सामानातून छोटी कुपी आणली होती. आमच्या धंद्यात बोटाला घाम चालत नाही, पोलादावर बोट उठलं की दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून दिवसातून वीसदा हात पुसायचे. मी त्याला हे सांगितलं. त्याने मान डोलावली. समजूतदारपणे मान डोलावणाऱ्या माणसाइतकी तिडीक मला दुसऱ्या कशाने येत नाही.

"ताई, लपवण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "बायका जास्त लपवतात. सोडलीत तर जगाल."

पुढे तो कागद आला.

आमच्या दुकानात दुरुस्तीच्या पावतीवरही कारणाचा रकाना आहे. तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छापून घेतला होता. शहरात दुसऱ्या कुठल्याच दुकानाच्या पावतीवर तो नव्हता. घड्याळ बंद पडलं हे गिऱ्हाईकालाही कळतं, अण्णा म्हणायचे, का पडलं ते सांगेल तो कारागीर. आणि नियम असा, की भिंगाखाली स्वतः पाहिल्याशिवाय रकाना भरायचा नाही. "पाणी गेलं असेल" चालायचं नाही. "पडलं असेल" चालायचं नाही. सापडलं नाही तर लिहायचं, पाहिलं नाही, आणि खाली सही. मी एकोणिसाव्या वर्षी त्या टेबलावर बसले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पावतीवर अंदाजाने "तेल सुकलं" लिहिलं. अण्णांनी पावती फाडली नाही की ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "तू पाहिलंस?" तो प्रश्न त्यांच्या तोंडून मी पाच वर्षं ऐकला, आणि शेवटचा ऐकला तो मेल्यावरही विसरणार नाही. त्याच्याकडे येतेच.

संध्याकाळी धाकटी आली. धाकटी एक्केचाळीस वर्षांची आहे, पण धाकटी म्हणजे धाकटीच. तिने डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं असावं, कारण येऊन बसली ती माझ्याकडे न बघता. पिशवीतून कंगवा काढला, परत ठेवला. फाटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"ताई, खरं सांग," ती म्हणाली. "मी कोणाला सांगणार नाही."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. बावीस वर्षं ही माझ्यापासून दीड हातावर बसते. मी शिंकले तर हिच्या चिमट्यातला स्क्रू उडतो. मी कधी पिणार होते? कुठे? मी तिला हेच विचारलं, आणि आवाज असा चढला की समोरच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अण्णांचंही आपल्याला कळलं नव्हतंच ना," ती म्हणाली.

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. कारण अण्णांचं आम्हाला कळलं नव्हतं हे खोटं आहे. मला कळलं होतं, आणि मीच सगळ्यांना कळवलं होतं.

अण्णा असेच गेले. पोटात पाणी झालं, पाय सुजले, शेवटी रक्त ओकले. तेव्हाचे डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी तपासण्यांची भानगडच ठेवली नाही. पोटावर बोटं वाजवली, अण्णांच्या हाताचा वास घेतला आणि आईला बाजूला नेलं. अण्णांच्या कोटात एक चपटी बाटली असायची. लोकांच्या घरी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायला जात तेव्हा हात पुसायला स्पिरिट लागायचं, त्याची. आम्ही ती बाटली जन्मापासून पाहत आलो होतो, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा दारूची बाटली दिसायला लागली. आई म्हणाली, नाही, ते कामाचं आहे. मी म्हटलं, थांब, मी बघते.

मी चोवीस वर्षांची होते. हुशार होते, म्हणजे लोक तसं म्हणत आणि मला ते पटायचं. मी कोटातून बाटली काढली आणि कोरणीने काचेवर पातळीच्या बरोब्बर रेघ ओढली. केसाएवढी बारीक, भिंगाशिवाय दिसणार नाही अशी. अण्णा तेव्हा अंथरुणावर होते, आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते, म्हणजे कामाला स्पिरिट वापरायचा प्रश्नच नव्हता. कोट त्यांच्या उशाशी खुंटीला होता. आठ दिवसांनी मी बाटली परत पाहिली. पातळी रेघेच्या खाली होती, अर्धं बोट.

मी ती बाटली घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. आईसमोर, धाकटीसमोर. म्हटलं, "अण्णा, सोडा आता. लपवण्यासारखं काही राहिलं नाही."

ते म्हणाले, "मी पीत नाही."

मी रेघ दाखवली.

त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, खूप वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तू पाहिलंस?"

"रेघ पाहिली," मी म्हटलं.

त्यानंतर ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. अठरा दिवसांनी गेले. आईने त्यांच्या मागे कधी त्यांचं नाव घेतलं नाही. दुकानाची पायरीही चढली नाही. घरात कोणी घड्याळ हा शब्द काढला तरी उठून आत जायची. शेजारणींनी तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं, ते तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. मी त्यांचं दुकान चालवलं, त्यांची पावती छापली, आणि मनात म्हणत राहिले की माणूस कारागीर म्हणून सोनं होता, पण.

तो "पण" आता माझ्या कागदावर येऊन बसला होता. माझ्याच वाक्यासकट. लपवण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर खाट मोकळी करायला आल्या. मी म्हटलं, मी कागद घेणार नाही आणि उठणारही नाही. सिस्टर भल्या होत्या, म्हणाल्या, ताई, बाहेर पेशंट वाट बघतोय. मी म्हटलं, त्याला इथे झोपवा, मी स्टुलावर बसते, पण दाराबाहेर जाणार नाही. आणि खरंच स्टुलावर जाऊन बसले. पाठ ताठ, पिशवी मांडीवर. कारागिराला स्टुलावर बसायला काय, मी दहा तास बसू शकते. डॉक्टर आला तेव्हा दुपार झाली होती. त्याच्याबरोबर त्याच्याहून मोठे एक डॉक्टर होते. त्यांना वाटलं असावं की बाई तमाशा करेल. मी तमाशा केला नाही.

"तुम्ही बाहेरून सगळं तपासलंत," मी म्हटलं. "आत उघडून पाहिलं नाहीत. आमच्याकडे त्याला तपासलं म्हणत नाहीत."

मोठ्या डॉक्टरांनी दाढीवाल्या डॉक्टरकडे पाहिलं. उघडून पाहायची एक रीत आहे, ते म्हणाले. मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून यकृतापर्यंत जायचं, आतला दाब मोजायचा आणि यकृताचा कणभर तुकडा आणायचा. धोका कमी आहे, पण आहे. आणि तुकड्यातूनही दारूच निघाली तर? मी म्हटलं, तर मी माझ्या हाताने लिहीन, मोठ्या अक्षरांत. त्यांनी संमतीचा कागद दिला. मी तो पूर्ण वाचला, चारही पानं. ते दोघं उभे होते.

नळी घातली तो दिवस मला फारसा आठवत नाही, एवढंच की मानेत थंड वाटलं आणि कोणीतरी आकडा वाचला. दाब वाढलेलाच होता, त्यात वाद नव्हता. आजार खरा होता. मला आजाराशी भांडायचं नव्हतंच.

चौथ्या दिवशी एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई आमच्या वॉर्डात आल्या. तुकडे काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहतात त्या डॉक्टर. अशा बाई एरवी पेशंटकडे येत नाहीत, त्यांना पेशंट म्हणजे पट्टी. त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक वळ होता, भिंगाला डोळा लावून लावून पडतो तसा. माझ्याही डोळ्याभोवती आहे. मला त्या बाई बघताक्षणी आवडल्या. धाकटी स्टुलावर होती, ती उठायला लागली तर त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"दारू नाही," त्या म्हणाल्या. "दारूचं यकृत मी ओळखते. हे वेगळं आहे. काही पेशी चरबीच्या थेंबांनी ठासून भरल्यात, आणि त्यांच्याभोवती जाळं धरलंय. कुठली औषधं घेता?"

"काही नाही," मी म्हटलं. हेच मी पहिल्या दिवसापासून चारजणांना सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

"काढा, चूर्ण, शक्तीची गोळी?"

"नाही."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. भुवयांवर बोट फिरवलं, जिथे त्या विरळ झाल्या आहेत तिथे. हाडं दुखतात का विचारलं. दुखतात, मी म्हटलं, बैठं काम आहे. मग त्यांनी माझी फाईल उघडली आणि व्यवसायाच्या ओळीवर थांबल्या.

"डोळ्यांसाठी काही घेता?"

"डोळ्यांची गोळी घेतो," मी म्हटलं. "ती सगळेच घेतो आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

हा प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारला. मी धाकटीकडे पाहिलं. धाकटी फाटलेल्या ओठांवरून जीभ फिरवत होती.

माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. रक्त ओकले तेव्हा नाही, कागद वाचला तेव्हा नाही. आमच्या घरात म्हणायचे की पोरींनी बापाचे ओठ घेतलेत. बापाची टक्कल पडायची तऱ्हा घेतली, बापाची दुखरी हाडं घेतली. आईचे ओठ आजही लोण्यासारखे आहेत. आई कधी टेबलावर बसली नाही.

डोळ्यांची गोळी म्हणजे पिवळी, पारदर्शक, मऊ. अ जीवनसत्त्वाची, आत मासळीच्या यकृतातलं तेल. अण्णांना त्यांच्या उस्तादाने सांगितली होती, अण्णांनी मला. सकाळी एक, आणि बारीक काम असेल तर बसताना आणखी एक. आमचं काम बारीक नाही असा दिवस कुठला? अण्णांची नजर शेवटी शेवटी कमी झाली तेव्हा ते मूठभर खायचे. आमच्याकडे ते औषध नव्हतंच. दात घासणं हे कोणी औषधात सांगतं का? सुट्या भागांच्या डबीत भिंगाशेजारी गोळ्या असायच्या. आणि ती डबी या क्षणी माझ्या उशाखाली होती. धाकटीने पहिल्याच दिवशी कंगव्याबरोबर आणून दिली होती. मी दवाखान्यातही रोज सकाळी एक घेत होते, सगळ्या डॉक्टरांच्या नाकासमोर.

मी डबी काढून दिली. बाईंनी एक गोळी उजेडात धरली, पाकिटावरचा आकडा विचारला. मी सांगितला, आणि किती वर्षं घेते तेही. त्यांनी मनात गुणाकार केला असावा, कारण त्यांनी गोळी हळूच डबीत परत ठेवली. मग म्हणाल्या की हे जीवनसत्त्व शरीर बाहेर टाकत नाही, यकृतात साठवून ठेवतं, आणि ते जास्त झालं की ओठ फाटतात, भुवया विरळ होतात, हाडं दुखतात. सत्तावीस वर्षं ते साठत गेलं. साठवण फुगली, जाळं धरलं, वाट अडली. बंद केलं तर पुढचं थांबेल, कदाचित थोडं मागेही फिरेल. मग त्या धाकटीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आजच रक्त द्या."

धाकटीने रक्त दिलं, पोटाची सोनोग्राफी केली. प्लीहा थोडी वाढली होती. एवढंच. शिरा अजून फुगल्या नव्हत्या. ती वेळेवर सापडली होती. मी त्या कागदावर सही करून घरी गेले असते, तर दारू सोडा असं ऐकून आले असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी चहाबरोबर एकेक गोळी घेतली असती. हे मी धाकटीला सांगितलं नाही, तिला ते माझ्याआधी कळलं होतं. व्हरांड्यात ती माझ्यावर धावून आली. "तूच दिलीस मला," ती म्हणाली. "मी डोळे बारीक करून बघत होते, तू माझ्या हातावर ठेवलीस." मी म्हटलं, हो, मीच दिली. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मीही रडले, आणि एक वॉर्डबॉय आम्हाला वळसा घालून ट्रॉली घेऊन गेला.

कोरलेल्या दाढीचा डॉक्टर नवा कागद घेऊन आला. त्याचे कान लाल होते. म्हणाला, तुम्ही औषध घेत नाही म्हणालात. मी म्हटलं, तुम्ही औषध विचारलंत. मग आम्ही दोघंही थोडं हसलो, कारण दोघांचंही खरं होतं. कारणाचा रकाना कोरा होता. काय लिहू, त्याने विचारलं.

"डोळ्यांची गोळी, सत्तावीस वर्षं, स्वतःच्या हाताने," मी म्हटलं. "लिहा. आता पाहिलंय."

त्याने त्याच्या भाषेत लिहिलं. मी वाचून सही केली.

निघण्याआधी मी काचपट्टीवाल्या बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांना अण्णांचं सगळं सांगितलं. पोट, ओठ, भुवया, मूठभर गोळ्या. विचारलं, त्यांनाही हेच असणार ना? मला त्यांच्याकडून हो ऐकायचं होतं. इतकं ऐकायचं होतं की मी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"त्यांचा तुकडा माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "न पाहिलेल्याबद्दल मी बोलत नाही."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. बरोबर होतं त्यांचं. अण्णांनीही हेच म्हटलं असतं. गोळी मला अण्णांच्या रकान्यात लिहिता येणार नव्हती. पण तिथे आधीच एक शब्द लिहिलेला होता, तो माझ्या अक्षरात होता, आणि तो मी कशाच्या जोरावर लिहिला ते तरी मला तपासता येणार होतं.

घरी आल्यावर दुकानातला सगळ्यात खालचा खण उघडला. बाटली तिथेच होती. मी फेकली नव्हती, पुरावा फेकत नाहीत. भिंग लावलं तर रेघही होती, माझी, केसाएवढी. मी बाटलीत रेघेपर्यंत स्पिरिट भरलं, तेच जुनं झाकण लावलं आणि आईच्या खोलीत तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली. आईने तोंड फिरवलं.

"आई, हिला कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "मी नाही, धाकटी नाही. तू राखण कर. आठ दिवस."

आईने राखण केली. एकोणऐंशी वर्षांची बाई, तिला दिवसा झोप हवी असते, पण ती टेबलाकडे तोंड करून पडायची. आंघोळीला जाताना खोलीला कडी घालायची. तिसऱ्या दिवशी तिने धाकटीकडून भिंग मागून घेतलं. पाचव्या दिवशी जेवताना ती एकदम थांबली आणि खोलीत जाऊन पाहून आली. काय पाहिलं ते सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी तिने आम्हाला दोघींना बोलावलं. बाटली खिडकीच्या उजेडात धरली होती. पातळी रेघेच्या खाली होती. बोटभर नाही, अर्धं बोट.

तिने झाकण फिरवून काढलं, आतून पाहिलं. झाकणात चामड्याची चकती असते, ती झिजून कागदासारखी झाली होती आणि एका बाजूने उडाली होती. आईने त्यावरून बोट फिरवलं.

"मला सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "तू रेघ दाखवून गेलीस त्या रात्री. म्हणाले, झाकणाची चकती गेली आहे, उडतंय ते, नवी कापून आण. मला वाटलं, माणूस जाता जाताही बाटलीची काळजी करतोय."

धाकटीने आईचा हात धरला. मला धरवला नाही. मी तिथे उभी होते, अण्णांच्या समोर उभी राहिले होते तशीच, आणि मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी बाटली उचलली. खालच्या पातळीवर दुसरी रेघ ओढली, यावेळी जाड, कोणालाही दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी आईने चांगली साडी नेसली आणि बावीस वर्षांनी दुकानाची पायरी चढली. ती अण्णांच्या स्टुलावर बसली. बाटली तिने काउंटरवर मधोमध ठेवली, जिथे गिऱ्हाईक घड्याळ काढून ठेवतं तिथे. मी म्हटलं, आई, लोक विचारतील. ती म्हणाली, विचारू दे, त्यासाठीच ठेवलीये.

पहिलीच आली ती कोपऱ्यावरची शिंपीण, जिने त्या काळात आईला सगळ्यात जास्त ऐकवलं होतं. तिने बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे.

"माझा नवरा पीत नव्हता," आई म्हणाली. "बस, दाखवते."

शिंपीण बसली. आईने तिला दोन्ही रेघा दाखवल्या, झाकण उघडून चकती दाखवली, आठ दिवस कशी राखण केली ते सांगितलं. तेव्हापासून जो येतो त्याला ती सांगते. कोणी विचारलं, पहिली रेघ कोणी ओढली, की ती माझ्याकडे बोट करते, आणि मी हातातलं काम खाली ठेवून म्हणते, मी. पाहिलं नव्हतं, तरी लिहिलं.